कथा संपल्यानंतरचा खेळ : 'डायब्लो', 'पाथ ऑफ एक्झाइल' व 'लास्ट एपॉक' यांतील एंडगेम-रचनेची तुलना

१. संज्ञा आणि प्रश्न

'एंडगेम' हा शब्द मूळचा बुद्धिबळाच्या परिभाषेतील आहे. पटावरील बहुतेक मोहरी मारली गेली, राजा स्वतः लढाईत उतरू लागला आणि एखाद्या प्याद्याच्या चालीवर डावाचा निकाल अवलंबून राहिला, म्हणजे डाव एंडगेममध्ये आला असे म्हणतात. तेथे पट रिकामा होत जातो आणि डाव समाप्तीकडे सरकतो. अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम या प्रकारात मात्र हाच शब्द जवळजवळ उलट अर्थाने रूढ झाला आहे. या प्रकारच्या खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, राक्षसांच्या झुंडींशी प्रत्यक्ष झुंजतो आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या शस्त्रे-चिलखतांनी आपले पात्र उत्तरोत्तर समर्थ करीत नेतो. कथेतील मुख्य शत्रू मारला गेला, म्हणजे कथा संपते. आणि ज्याला एंडगेम म्हणतात तो खेळ त्यानंतर सुरू होतो. बुद्धिबळात जो शेवट असतो तो येथे आरंभ ठरतो.

कथा पुरी करण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ निष्ठावंत खेळाडू या उत्तरार्धात घालवतात. शेकडो तास एकाच पात्रासाठी खर्च करणारे खेळाडू या प्रकारात अपवादात्मक नाहीत. ज्याचा शत्रू मेला आहे आणि ज्याची कथा संपली आहे, अशा नायकाने पुढे का लढावे, हा प्रश्न येथे प्रत्येक रचनाकारासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर कथेत सापडत नाही. ते नियमांतूनच निर्माण करावे लागते. शिवाय हा प्रश्न निव्वळ कारागिरीचा नाही. शेकडो तास हा माणसाच्या आयुष्याचा मोजण्याजोगा भाग असल्यामुळे तो कोणत्या तत्त्वावर मागितला जातो आणि त्याच्या मोबदल्यात काय दिले जाते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात तीन प्रतिस्पर्धी खेळांनी या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांची तुलना केली आहे. अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीची 'डायब्लो' मालिका, न्यूझीलंडमधील ग्राइंडिंग गिअर गेम्स या संस्थेचा 'पाथ ऑफ एक्झाइल' आणि इलेव्हन्थ अवर गेम्सचा 'लास्ट एपॉक' हे ते तीन खेळ होत. तुलनेसाठी चार कसोट्या घेतल्या आहेत : कठीणपणा कसा वाढत जातो, पुढे काय खेळावयाचे हे कोण ठरवितो, हवी असलेली वस्तू कोठून मिळते आणि पराभवाची किंमत काय पडते.

२. पूर्वपीठिका

या प्रकाराचा वंश १९८० मधील 'रोग' या खेळापर्यंत मागे नेता येतो. प्रत्येक वेळी नव्याने, यादृच्छिक रीतीने रचले जाणारे भुयार ही 'रोग'ची देणगी होय. पुढे 'मोरिया' व 'अँगबँड' या खेळांनी ती परंपरा चालविली. डेव्हिड ब्रेव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परंपरेतून प्रेरणा घेऊन 'डायब्लो'ची कल्पना मांडली. आरंभी हा खेळ पाळीपाळीने खेळावयाचा होता. नंतर तो सलग, प्रत्यक्ष गतीत चालणारा करण्यात आला आणि १९९६ च्या अखेरीस तयार झाला. ट्रिस्ट्रम गावातील चर्चखालच्या सोळा मजल्यांची ती उतरण होती. मेलेल्या राक्षसाजवळ काय पडेल हे आधी कळू नये, ही त्याची मध्यवर्ती युक्ती. अशा रीतीने मिळणाऱ्या वस्तूंना इंग्रजीत 'लूट' म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानी भाषेतूनच इंग्रजीत गेला असल्याने मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

ही युक्ती परिणामकारक का ठरते, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रात पूर्वीच दिले गेले होते. सी. बी. फर्स्टर व बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बक्षिसाच्या निरनिराळ्या वेळापत्रकांचा अभ्यास आहे. किती प्रयत्नांनंतर बक्षीस मिळेल हे अनिश्चित ठेवले असता प्रयत्नांचा वेग मोठा व सातत्यपूर्ण राहतो आणि बक्षीस बंद झाल्यावरही ती सवय लवकर सुटत नाही, असे त्यात दिसून आले. जुगाराच्या यंत्राचे आकर्षण याच तत्त्वावर उभे आहे. तथापि केवळ एवढ्यावरून एंडगेमचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. तसे असते तर तिन्ही खेळांची रचना एकच झाली असती आणि खेळाडूंनी त्यांत फरक केला नसता. प्रत्यक्षात ते फार सूक्ष्म फरक करतात.

२००० मध्ये आलेल्या 'डायब्लो २' मध्ये आजच्या अर्थाचा एंडगेम स्वतंत्रपणे रचलेला नव्हता. तीच कथा नॉर्मल, नाइटमेअर व हेल अशा तीन पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा खेळावयाची, एवढीच योजना होती. पात्राची कमाल पातळी ९९ ठेवली होती आणि शेवटच्या पातळ्या इतक्या मंद गतीने मिळत की तेथवर पोहोचणे हीच एक कीर्ती झाली. २००१ च्या विस्तारानंतर खेळाडूंनी आपला एंडगेम स्वतःच शोधून काढला. बाल नावाच्या अखेरच्या राक्षसाकडे थेट जावयाचे, त्याला मारावयाचे आणि पुन्हा आरंभ करावयाचा, अशा फेऱ्या हजारोंनी होऊ लागल्या. खेळातील सोन्याची किंमत उतरली, आणि 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची अंगठी खेळाडूंच्या आपसांतील बाजारात चलन म्हणून वापरली जाऊ लागली. २००३ च्या सुधारणेने 'लॅडर' म्हणजे ठरावीक काळाने नव्याने सुरू होणारा श्रेणीतक्ता आणला. या एका तरतुदीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. 'डायब्लो' : अंकांची शिडी

'डायब्लो ३' मे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथी व सर्वांत अवघड पायरी 'इन्फर्नो' ही एंडगेम म्हणून योजलेली होती. त्याच वेळी कंपनीने खेळातच लिलावघर उघडले. त्याचा एक विभाग खेळातील सोन्यावर चाले, तर दुसऱ्यात खऱ्या पैशाने, एका वस्तूस २५० डॉलरपर्यंत, व्यवहार होत असे. खेळाबाहेर चोरटेपणाने चालणारा व्यापार सुरक्षित जागी आणावा हा त्यामागील हेतू होता आणि तो अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु परिणाम विपरीत झाला. इन्फर्नोसाठी लागणारी शस्त्रे राक्षसांकडून क्वचित मिळत. लिलावघरात मात्र ती केव्हाही विकत मिळत. त्यामुळे पात्र समर्थ करण्याचा शहाणपणाचा मार्ग राक्षस मारण्याचा न राहता वस्तूंचे भाव पाहत बसण्याचा झाला. खेळाचा मूळ व्यवसाय जो पराक्रम, तोच गैरलागू ठरला. लिलावघराने खेळाची हानी केली, हे खेळाचे प्रमुख रचनाकार जे विल्सन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले, आणि १८ मार्च २०१४ रोजी दोन्ही विभाग बंद झाले.

त्याच महिन्यात आलेल्या 'रीपर ऑफ सोल्स' या विस्ताराने एंडगेमची नवी रचना केली. उत्तम वस्तू आता सामान्यतः ज्याला मिळेल त्याच्याच राहत. फक्त त्या वेळी सोबत असलेल्या साथीदारांना थोड्या अवधीत त्या देता येत. ऑगस्ट २०१४ मध्ये 'ग्रेटर रिफ्ट' ही पद्धत आली आणि मालिकेच्या एंडगेमचे स्वरूप निश्चित झाले. खेळाडूने एक क्रमांक निवडावा, यादृच्छिक रचनेच्या प्रदेशात शिरावे, पंधरा मिनिटांच्या आत पुरेसे राक्षस मारून रक्षकास बाहेर काढावे व त्याला ठार करावे. ते साधल्यास पुढील क्रमांक खुला होतो. प्रत्येक क्रमांकास राक्षसांची जीवनशक्ती सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. ही वाढ चक्रवाढीची असल्याने दहा क्रमांकांत ती जवळजवळ पाचपट आणि वीस क्रमांकांत तेवीसपट होते. शिडीचा वरचा टप्पा १५० वा आहे.

या रचनेचा गुण तिच्या निःसंदिग्धतेत आहे. आपण कोठे उभे आहोत हे खेळाडूला एका अंकात कळते, आणि दोन खेळाडूंची तुलना वादाशिवाय होते. दोष तिच्या एकरंगीपणात आहे. साठावा व नव्वदावा रिफ्ट यांत राक्षस, प्रदेश व नियम तेच असतात. बदलतो तो गुणक. शिवाय घड्याळ हा निर्णायक घटक असल्याने जी पात्ररचना वेगवान नाही तिला येथे स्थान उरत नाही. साहसाचे रूपांतर हळूहळू मोजमापात होते.

जून २०२३ मध्ये आलेल्या 'डायब्लो ४' ने आरंभी पात्राची पातळी १०० पर्यंत नेणाऱ्या 'नाइटमेअर' भुयारांवर भिस्त ठेवली होती. मे २०२४ मध्ये 'पिट' नावाची क्रमांकित परीक्षा आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पातळीची मर्यादा ६० वर आणून पिटमधील यशाशी 'टॉर्मेंट' नावाच्या चार कठीण पायऱ्या जोडण्यात आल्या. अर्थात् दहा वर्षांनंतरही मालिका अंकांच्या शिडीकडेच परतली. शिडी ही ब्लिझार्डची स्वाभाविक भाषा आहे, असे यावरून म्हणता येते.

४. 'पाथ ऑफ एक्झाइल' : नकाशा ही वस्तू

'पाथ ऑफ एक्झाइल' २३ ऑक्टोबर २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. 'डायब्लो २' वर प्रेम करणाऱ्या मंडळींनी तो केला असल्याने त्यांची पहिली दुरुस्ती चलनासंबंधी होती. मूळ खेळात सोने नव्हतेच. त्याऐवजी निरनिराळ्या 'ऑर्ब' म्हणजे गोलकांची योजना होती. प्रत्येक गोलकाचा वस्तूवर काही परिणाम होतो : एक साध्या वस्तूला दुर्मिळ करतो, दुसरा दुर्मिळ वस्तूचे गुणधर्म पुन्हा नव्याने पाडतो. उपयोगात आणताच गोलक नष्ट होतो, आणि म्हणूनच त्याला किंमत राहते. जे चलन वापराने खर्ची पडते त्याचा फुगवटा रोखला जातो, हे अर्थशास्त्रीय तत्त्व येथे नियमातच गुंफलेले आहे.

दुसरी व अधिक मूलगामी कल्पना नकाशाची. एंडगेममधील प्रदेश येथे स्वतःच लुटीतील एक वस्तू आहे. राक्षस मारताना नकाशा मिळतो. तो एका यंत्रात ठेवला की त्या प्रदेशाकडे जाणारी सहा द्वारे उघडतात आणि नकाशा खर्च होतो. सर्वसाधारण नकाशांच्या १६ श्रेणी असून त्यांतील प्रदेशांची पातळी ६८ पासून ८३ पर्यंत चढते. तलवारीप्रमाणेच नकाशावरही गोलक वापरता येतात. त्यामुळे राक्षसांचे बळ वाढावे, खेळाडूचे संरक्षण घटावे अशा अटी नकाशाला चिकटतात, आणि त्या जितक्या जाचक तितकी लूट अधिक मिळते. धोका किती घ्यावयाचा हे अशा रीतीने खेळाडू स्वतः ठरवितो व त्यासाठी आपल्या पदरचे चलन खर्च करतो. भुयारात शिरणे हाच एक गुंतवणुकीचा निर्णय होतो.

या पायावर पुढील वर्षांत मोठी इमारत उभी राहिली. सप्टेंबर २०१६ च्या विस्ताराने सर्व नकाशे 'अ‍ॅटलास' नावाच्या एका आलेखावर मांडले आणि त्याच्या केंद्राशी 'शेपर' हा महाशत्रू बसविला. चार रक्षकांना मारून चार तुकडे मिळविल्याखेरीज त्याच्याशी सामना होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'एल्डर' आणि डिसेंबर २०१९ मध्ये 'सायरस' यांची भर पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅटलाससाठी एक स्वतंत्र कौशल्यवृक्ष एकसंध स्वरूपात आला. त्यामुळे खेळाडू पात्राप्रमाणेच आपल्या एंडगेमचीही घडण करू लागला. कोणत्या प्रकारचे सामने अधिक यावेत व कोणते मुळीच येऊ नयेत, हे तो वृक्षावरील गुण खर्चून ठरवितो. शिडीऐवजी येथे शेत मिळते; कोणते पीक घ्यावयाचे ते कसणाऱ्याने ठरवावे.

या स्वातंत्र्याचे मोल अवघडपणात द्यावे लागते. वर्षानुवर्षे साचलेल्या उपयंत्रणा, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांचे बाजारभाव यांचा अभ्यास केल्याशिवाय नवशिक्याला शेत कसता येत नाही. पुष्कळ जण अनुभवी खेळाडूंच्या लिखित मार्गदर्शनाच्या आधारे खेळतात. म्हणजे निवडीचे जे स्वातंत्र्य रचनेने दिले, ते व्यवहारात दुसऱ्याच्या हाती सोपविले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये प्राथमिक स्वरूपात खुल्या झालेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल २' मध्ये अ‍ॅटलास हा अमर्याद पसरलेला भूप्रदेश करण्यात आला, तरी प्रवेशाचे साधन खर्ची पडणारी वस्तूच राहिले.

५. 'लास्ट एपॉक' : आधी कळणारे फळ

'लास्ट एपॉक' २१ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. दोन ज्येष्ठ प्रतिस्पर्ध्यांचे गुणदोष डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना झाल्याचे पदोपदी जाणवते. त्याच्या एंडगेमचे नाव 'मोनोलिथ ऑफ फेट'. त्यात दहा कालरेषा असून प्रत्येकीत 'एको' म्हणजे प्रतिध्वनींचे जाळे पसरलेले असते. प्रतिध्वनी हा एक छोटा सामना होय. तो पुरा केल्यावर कोणत्या प्रकारचे बक्षीस मिळेल हे जाळ्यावर आधीच दाखविलेले असते. शिरस्त्राण हवे असेल तर शिरस्त्राणाच्या दिशेने वाट काढावी, अशी सोय आहे. वस्तू नेमकी कशी निघेल हे अनिश्चितच राहते. पण कोणत्या जातीची निघेल हे निश्चित असते. स्किनरच्या वेळापत्रकातील अनिश्चिततेला येथे लगाम घातला आहे.

कठीणपणासाठी 'करप्शन' म्हणजे दूषितता हे परिमाण आहे. जाळ्याच्या दूरच्या टोकाशी जाऊन एका विशिष्ट शत्रूला मारले की दूषितता वाढते. तिच्याबरोबर राक्षसांचे बळ व लुटीचे प्रमाणही वाढते. तिला वरची मर्यादा नाही. म्हणजे शिडी येथेही आहे. परंतु घड्याळ नाही, आणि नकाशा विकत घेण्याची चिंताही नाही. प्रवेश मुक्त ठेवून शिडी व शेत या दोहोंचा समन्वय करण्याचा हा प्रयत्न होय.

देवघेवीच्या प्रश्नाला या खेळाने दिलेले उत्तर सर्वांत मौलिक म्हणावे लागेल. खेळाडूने दोन संघांपैकी एकाची निवड करावयाची असते. 'मर्चंट्स गिल्ड' म्हणजे व्यापारी संघात त्याला बाजारात खरेदी-विक्री करता येते. 'सर्कल ऑफ फॉर्च्युन' या संघात बाजार बंद असतो. पण राक्षसांकडून मिळणाऱ्या लुटीचे प्रमाण वाढविलेले असते. ज्या वादावर अन्य खेळांनी सर्वांसाठी एकच निर्णय दिला, त्यावर येथे प्रत्येकाला आपापला निर्णय घेता येतो.

६. वस्तू आणि मृत्यू

देवघेवीचा प्रश्न इतका कळीचा का, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. समजा, एखादी वस्तू मिळण्याची शक्यता प्रत्येक प्रयत्नास हजारात एक आहे. एकट्याने हजार प्रयत्न करणाऱ्या खेळाडूला ती किमान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. उरलेल्या ३७ टक्के खेळाडूंचे हजार प्रयत्न फुकट जातात. परंतु एक लाख खेळाडूंनी प्रत्येकी एकेक प्रयत्न केला तर अशा सुमारे शंभर वस्तू बाजारात येतील. बाजारामुळे दुर्मिळता नाहीशी होत नाही, पण ती व्यक्तीच्या नशिबातून निघून समुदायाच्या सरासरीत जाते. ज्याच्या वाट्याला दुर्दैव आले त्याने श्रम करून चलन मिळवावे व वस्तू विकत घ्यावी, हा बाजाराचा न्याय होय.

त्याची दुसरी बाजू अशी की बाजार मोकळा असेल तर रचनाकाराला मूळ शक्यता कमी ठेवावी लागते. अन्यथा सर्वांची गरज चार दिवसांत भागेल. ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१७ मध्ये याच आशयाची भूमिका जाहीर केली होती आणि देवघेव थोडी अडचणीची ठेवण्याचे समर्थन केले होते. त्याच वर्षी त्यांनी बाजारापासून पूर्णपणे अलिप्त राहून खेळण्याची सोयही दिली; परंतु अलिप्त राहणाऱ्यास अधिक लूट दिली नाही. तेथे एकाकीपण हे व्रत आहे. 'लास्ट एपॉक'मध्ये मात्र तो पर्यायी व्यवसाय आहे, आणि 'डायब्लो ३' मध्ये २०१४ नंतर तो सर्वांवर लादलेला नियम आहे. तिन्ही भूमिकांत वस्तूचे मोल वेगवेगळ्या ठिकाणी वसते. व्रतात ते त्यागात असते, व्यवसायात निवडीत, आणि सार्वत्रिक नियमात केवळ लाभात. लिलावघराच्या अपयशाचे मर्मही येथेच सापडते : तेथे बाजाराचा न्याय होता, परंतु चलन मिळविण्याचे श्रम खेळाबाहेर, मनुष्याच्या खिशात, हलविले गेले होते.

मृत्यूच्या बाबतीत मतभेद तितकेच बोलके आहेत. 'पाथ ऑफ एक्झाइल'च्या एंडगेममध्ये मृत्यू आल्यास त्या पातळीच्या अनुभवगुणांपैकी १० टक्के वजा होतात. पातळी १०० च्या जवळ हे अनेक तासांचे नुकसान ठरते. म्हणून उच्च पातळी ही तेथे सावधपणाचे प्रमाणपत्र असते. 'डायब्लो ३' मध्ये मृत्यूची किंमत मुख्यतः सेकंदांत मोजली जाते; घड्याळ चालू राहते एवढीच शिक्षा. 'लास्ट एपॉक'च्या २०२४ मधील मूळ रचनेत अनुभव जात नसे, त्या प्रतिध्वनीचे फळ मात्र हातचे जाई. 'पाथ ऑफ एक्झाइल २' ने आरंभी एका मृत्यूसरशी सबंध नकाशा बंद करण्याचा कडक नियम ठेवला होता. खेळाडूंच्या नापसंतीनंतर २०२५ मध्ये तो शिथिल करावा लागला. मागे गेलेल्या तासांवर दंड आणि पुढे मिळावयाच्या फळावर दंड या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला खेळाडूच्या गतकाळाला हात घालतो, दुसरा केवळ अपेक्षेला. नाराजीची तीव्रता बहुधा या भेदानुसार बदलते.

७. हंगाम : परत आणलेला शेवट

वर ज्या रचना पाहिल्या त्या सर्वांचे ध्येय खेळ संपू न देणे हे आहे. क्रमांक १५० पर्यंत जातो, दूषितता अमर्याद वाढते, अ‍ॅटलास क्षितिजापलीकडे पसरतो. असे असता तिन्ही खेळांना अखेर एकाच उपायाचा आश्रय घ्यावा लागला, तो म्हणजे हंगाम. ठरावीक दिवशी सर्वांनी पहिल्या पातळीचे नवे पात्र घेऊन, रिकाम्या हातांनी, नव्या आवृत्तीत आरंभ करावयाचा. जुने पात्र व जुनी संपत्ती बाजूला राहते. 'डायब्लो २' च्या लॅडरमध्ये या कल्पनेचे बीज होते. 'पाथ ऑफ एक्झाइल'ने २०१३ पासून 'लीग' या नावाने तिला खेळाचा कणाच बनविले व पुढे बरीच वर्षे सुमारे तीन महिन्यांचे चक्र पाळले. 'डायब्लो ३' मध्ये हंगाम ऑगस्ट २०१४ मध्ये आले; 'लास्ट एपॉक'नेही त्याच वाटेने जाण्याचे ठरविले.

याला आर्थिक कारण निश्चितच आहे. 'पाथ ऑफ एक्झाइल' फुकट खेळता येतो. त्याचे उत्पन्न पात्रांच्या शोभेच्या वस्तू व अधिक साठवणजागा विकून होते, आणि प्रत्येक लीगचा आरंभ हा विक्रीचा सुगीचा काळ असतो. तथापि केवळ विक्रीने या संस्थेची लोकप्रियता उलगडत नाही. २६ जुलै २०२४ रोजी सुरू झालेली लीग कंपनीचे लक्ष दुसऱ्या भागाकडे गेल्यामुळे लांबली आणि पुढील लीग १३ जून २०२५ रोजी आली. या जवळजवळ अकरा महिन्यांत खेळ बंद नव्हता. सारे नकाशे, सारे शत्रू व सारा अ‍ॅटलास खुला होता. तरीही खेळाडूंनी मोठ्या प्रमाणावर असंतोष व्यक्त केला. त्यांच्याजवळ करण्यासारखे पुष्कळ होते. नव्हती ती नव्या आरंभाची संधी. संपत्ती जेव्हा पुरेशी साचते तेव्हा पुढील प्रत्येक वस्तूचे सीमांत मोल शून्याकडे जाते. हंगाम ती संपत्ती हिरावून घेतो आणि त्यायोगे लोखंडी टोपालाही पुन्हा अर्थ देतो.

या निष्कर्षाची उलट बाजूने पडताळणीही करता येते. क्रेट एंटरटेनमेंटचा २०१६ मधील 'ग्रिम डॉन' हा इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येणारा खेळ आहे. त्यात लाटांमागून लाटा सोडणारे 'क्रूसिबल' आणि २०१९ च्या विस्तारातील 'शॅटर्ड रेल्म' ही क्रमांकित परीक्षा असे एंडगेमचे दोन प्रकार आहेत. पण अधिकृत हंगामाची सक्ती नाही. तेथे खेळाडू एक पात्र पुरे झाले असे स्वतःच ठरवितो आणि दुसऱ्या वर्गाचे पात्र घेऊन आरंभ करतो. हंगाम बाहेरून जे करवून घेतो, तेच तो स्वेच्छेने करतो. शेवटाची गरज दोन्हीकडे तीच; तो जाहीर करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच फरक.

८. समारोप

तीन खेळांतील भेद थोडक्यात असा मांडता येईल. 'डायब्लो' मालिका खेळाडूला त्याचे स्थान सांगते; तिचा दोष असा की स्थानाखेरीज ती फारसे काही सांगत नाही. 'पाथ ऑफ एक्झाइल' त्याला मालकी देतो; परंतु त्या मालकीबरोबर हिशेबाचे ओझेही येते. 'लास्ट एपॉक' त्याला निवड व अंदाज देतो. आणि अनिश्चितता कमी केल्यामुळे लुटीतील अवचित आनंदाचा काही अंश गमावतो. यांपैकी कोणतीही रचना दुसरीहून निखालस श्रेष्ठ ठरविण्याची आवश्यकता नाही. खेळाडूच्या वेळेविषयी प्रत्येकीची धारणा वेगळी आहे : एकीत वेळ ही स्पर्धा, दुसरीत भांडवल, तिसरीत प्रवास.

मूल्यमापनाची खरी कसोटी मात्र तिघींनाही समान लावता येते. जी रचना खेळाडूला 'येथे थांबलो तरी काम पुरे झाले' असे म्हणण्याची जागा ठेवते, ती त्याच्या आयुष्याचा मान राखते. शेपरचा वध, विशिष्ट क्रमांक, हंगामाचा अखेरचा दिवस या अशा जागा होत. ज्या रचनेत अशी जागाच नसते तेथे खेळाडू खेळ पुरा करून उठत नाही, कंटाळून उठतो, आणि मागे गेलेल्या तासांकडे आनंदाने पाहू शकत नाही. बुद्धिबळाच्या एंडगेममध्ये मात किंवा बरोबरी हा शेवट डावाच्या नियमातच असतो. या नव्या खेळांनी शब्द उसना घेतला, पण त्यातील 'शेवट' प्रथम टाकून दिला. आणि पुढे तो हंगामाच्या तारखेच्या रूपाने पंचांगातून परत आणावा लागला. एंडगेमच्या पुढील अभ्यासकांना या परतीच्या वाटेचा शोध घ्यावा लागेल.